फडक्याआडची नक्कल

जुन्या मराठी मालिकांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ती ओळ म्हणून दाखवतं. परवा बेळगावात एका साखरपुड्यात तेच झालं. जेवणं उरकली होती, पानसुपारी चालली होती. सगळी नोकरी पुण्यात काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले, कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि आमच्या बोलीची जमेल तेवढी मोडतोड करत म्हणाले, "मग लेकीला साडी न्हाय व्हय नेसवायची, बाईसाहेब? ती निळी लई दिस झालं बघून ठेवलीया!" सगळे हसले. गृहस्थ खाली बसत म्हणाले, "काय लिहायचे हो तेव्हा! स्वच्छ विनोद. अख्खं घर एकत्र बसून बघायचं."

मी तिथंच बसले होते. ती ओळ मी लिहिली आहे. साडीच्या जागी आधी जे होतं ते खोडलं, तेही मीच, माझ्या हातानं. लेखन चांगलं होतं असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती म्हणणाऱ्यावर नसते. मी पान तोंडात घातलं आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची ती मालिका. मुंबईच्या फ्लॅटमधलं एक कुटुंब, विसराळू नवरा, खमकी बायको, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि एक कामवाली. कामवाली आमच्यासारखी बोलायची, बाकीचे सगळे छापील बोलायचे. दर भागात घरात काहीतरी घोटाळा व्हायचा आणि ऐन घोटाळ्यात कामवाली स्वयंपाकघरातून डोकावून एक वाक्य टाकून जायची. त्या वाक्यावर हशा. मालिकेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही हसाल.

आमचं घर निपाणीतल्या मजुरांच्या वस्तीत होतं. आई तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची, तिच्या आधी आजी जायची. शाळा संपल्यावर, पुढं शिकायचं की नाही ते ठरेपर्यंत, मीही दोन वर्षं त्याच रांगेत बसले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. म्हणजे जे सांगते आहे ते ऐकीव नाही, त्याचा खकाणा माझ्याही छातीत आहे.

चाळताना तंबाखूची बारीक धूळ उडते, तोच खकाणा. नाकात गेली की शिंका, घशात गेली की ठसका, आणि वर्षानुवर्षं जात राहिली की काय होतं ते आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून बायका जुन्या लुगड्याचा फडका नाकातोंडावर बांधून मागं घट्ट गाठ मारायच्या. दिसायचे ते फक्त डोळे, आणि पापण्यांवरही पिवळट थर बसलेला, त्यामुळं सगळ्या एकसारख्या. पहिल्या दिवशी मी माझ्या आईलाच ओळखलं नाही. तिच्या खोकल्यावरून तिची जागा कळली.

दुपारची भाकरी झाली की घंटा होईपर्यंत थोडा वेळ मिळे. त्या वेळात बायका फडके सोडून जरा मोकळ्या बसत असतील असं कुणालाही वाटेल. व्हायचं उलटंच. चूळ भरून त्या फडके पुन्हा बांधायच्या, चाळण्या पुढ्यात ओढायच्या, आणि मग नक्कल सुरू व्हायची. कुणी मालकाच्या आवाजात बोले, कुणी मुकादमाच्या. फडक्यामुळं आवाज कुठून आला ते कळत नसे. मुकादम चाहूल लागून आत आला आणि "कोण बोललं गं?" म्हणून ओरडला की अख्ख्या रांगेच्या चाळण्या एकदम जोरात हलायला लागत. त्या खडखडाटात त्याचा प्रश्न त्यालाच ऐकू जात नसे, आणि तो निघून जाई.

याला एकच नियम होता आणि तो कुणी कुणाला शिकवत नसे. नक्कल कुणी केली ते म्हणायचं नाही. आठवण निघाली तरी "फडका बोलला" एवढंच म्हणायचं. घरात नवऱ्याला सांगायचं नाही, नळावर शेजारणीला सांगायचं नाही. वखारीतलं बोलणं वखारीच्या दारात झटकायचं, पदरावरच्या धुळीबरोबर.

फडका सगळ्यांत चांगला बोलायचा तो माझ्या आईच्या तोंडून. बाहेर ती अगदी गरीब. दुकानदारानं वजनात मारलं तरी मान खाली घालून यायची, आणि तिचं मुकाट राहणं बघून मला चीड यायची. फडका बांधला की मात्र ती वेगळीच बाई व्हायची. हे मी आज लिहिते आहे म्हणजे नियम आणखी एकदा मोडते आहे. आता ती नाही, त्या रांगेतल्याही फारशा कुणी उरलेल्या नाहीत.

वखारीच्या खिडक्या बंद असायच्या. वारा शिरला की माल उडतो. बायकांनी वरच्या अंगाला एखादा झरोका पाडून मागितला होता, निदान धूळ तरी बाहेर जावी म्हणून. मालकाचा नकार मोठा गोड असे. तो दारात यायचा, पोट पुढं काढून दोन्ही हात जोडायचा आणि म्हणायचा, "तुम्ही सगळ्या माझ्या लेकी. लेकींनी बापाचं नुकसान करायचं असतं काय?" पाण्याचा माठ जवळ ठेवा म्हटलं तरी लेकी, सणाला सुट्टी द्या म्हटलं तरी लेकी. असं म्हणून तो गेला की मागं बोलायला काही उरायचं नाही.

एका दुपारी फडका बोलला. आधी मालकाचा जाड, तुपट आवाज आला, "तुमी सगळ्या माझ्या लेकी!" मग जरा थांबून अगदी बारीक, अदबीचा आवाज, "व्हय की वो आप्पा. लेकीच आमी. मग वखारीतला आमचा हिस्सा तेवढा काढून द्या. खिडकी आमी आमच्या हिश्शात पाडून घेतो."

फडक्याआड हसणं अवघड असतं. श्वास आत ओढला की कापडच तोंडात येतं. त्या दुपारी बायका गुदमरून हसल्या. आईच्या शेजारी बसणारी आक्का चाळणीवर उपडी पडली आणि तिला पाठीत थापट्या मारून उठवावं लागलं. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या कितीतरी जणींनी बापाच्या जमिनीवरचा हक्क भावांसाठी कागदावर अंगठा देऊन सोडलेला होता. लेक म्हणवून घेणं म्हणजे काय आणि हिस्सा म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढं कित्येक महिने कामाच्या मध्येच कुणीतरी नुसतं "हिस्सा" म्हणायचं आणि रांगेचे खांदे हलायला लागायचे. मी आजवर पुष्कळ विनोदी लेखन वाचलं, बघितलं, थोडंबहुत केलंही. याच्या तोडीचं वाक्य मला सापडलेलं नाही.

पुढं मी बेळगावला आले. सकाळी कॉलेज, दुपारी काम असं करत पदवी घेतली आणि एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. कचेरीतले कागद कानडीत आणि इंग्रजीत, साहेबाशी बोलणं हिंदीत, आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत येऊन मी मराठीत लिहायची. स्नेहसंमेलनांसाठी नाटुकली, दिवाळी अंकांसाठी विनोदी लेख. अर्धे साभार परत यायचे.

आमच्या भागात मराठी ही नुसती बोलायची गोष्ट नाही. दुकानाची पाटी, बसवरचं गावाचं नाव, मुलाच्या शाळेचा दाखला, प्रत्येक ठिकाणी तिच्यासाठी भांडावं लागतं. बेळगावच्या आसपासच्या गावांत साहित्य संमेलनं भरतात तीही त्याच ईर्ष्येनं. अशाच एका संमेलनात, शेतात घातलेल्या मंडपात, मी वखारीतल्या नकलेवर लिहिलेला लेख वाचला. मालकाचं नाव नव्हतं, आईचं नव्हतं, गावही बदललेलं होतं. खिडकीच्या वाक्याला मंडप हसून कोसळला. मीच माझी समजूत घातली, की नाव घेतलं नाही म्हणजे नियम मोडला नाही. खरं म्हणजे त्या हशानं माझं डोकं फिरलं होतं.

त्या मंडपात मुंबईहून पाहुणे म्हणून आलेले एक लेखक होते. तेही डोळे पुसत हसले, मी बघितलं. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं. दूरदर्शनसाठी ते एक विनोदी मालिका लिहीत होते. "तुमच्याकडची भाषा अस्सल आहे," त्यांनी लिहिलं होतं, "आणि आमच्या कामवालीला अस्सल भाषा हवी आहे. मदत कराल का?" ते पत्र मी कितीतरी वेळा वाचलं. कचेरीतल्या मैत्रिणींना दाखवलं. एकीलाही आणि मलाही 'कामवालीला' हा शब्द खटकला नाही. इथं ज्या भाषेसाठी माणसं मोर्चात लाठ्या खातात, ती पडद्यावर येणार ती हातात केरसुणी घेऊन, हे मला तेव्हा दिसलंच नाही. मला पडद्यावर माझं नाव दिसत होतं.

काम कसं चालायचं ते सांगते, कारण लेखन चांगलं होतं म्हणणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. मुंबईहून टाइप केलेली पानं यायची. नवरा-बायकोचं बोलणं त्यात पूर्ण असायचं. मग कंसात लिहिलेलं असायचं, 'कामवाली डोकावते. काहीतरी गावरान बोलते.' त्याखाली दोन रिकाम्या ओळी. आणि त्या रिकाम्या ओळींच्या खाली, ठळक अक्षरांत, 'हशा'. हशा आधीच ठरलेला असायचा. विनोद मी नंतर भरायचा.

पहिल्या पानांमधल्या एका पानावर प्रसंग होता तो असा. कामवाली गावी जायला सुट्टी मागते. मालकीणबाई म्हणते, "अगं, तू मला मुलीसारखी आहेस. मुलगी आईला अशी अडचणीत टाकते का?" कामवाली काहीतरी गावरान बोलते. हशा. मी हसलेच. मालकाचे जोडलेले हात डोळ्यांपुढं आले. मी लगेच लिहून टाकलं, "व्हय की बाईसाहेब, लेकच म्या. मग या घरातला माझा हिस्सा तेवढा काढून द्या. सुट्टी मी माझ्या हिश्शात घेते." आईचं वाक्य मी उचललं, तिला न विचारता. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही.

आठवड्यानं कचेरीत माझ्यासाठी मुंबईचा फोन आला. साहेबांच्या टेबलावरचा फोन, साहेब समोर बसलेले, मी उभी. लेखक म्हणाले, "बाकी उत्तम जमलंय. ते 'हिस्सा' मात्र जड होतंय."

मी म्हटलं, "संमेलनात तुम्ही याच वाक्याला हसला होता."

"मी हसलो हो. पण लोक घरात जेवणाची ताटं घेऊन बसलेले असतात. त्यांच्याही घरात कामवाली असते. त्यांना अवघडायला नको. काहीतरी हलकं करा. साडी मागू दे तिला. बाईची जुनी साडी."

साहेब घड्याळाकडं बघत होते.

"बरं," मी म्हटलं.

एवढंच. कुणी धमकी दिली नाही, कुणी पाय धरायला लावले नाहीत. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी हिस्सा खोडून साडी लिहिली. निळी हा रंगही माझाच, नुसती साडी म्हटलं असतं तर वाक्य पोकळ वाटलं असतं. 'लई दिस झालं बघून ठेवलीया' हेही माझंच. आणि खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर मला ते आवडलं. ताल बसला होता, शेवटचा झटका नेमका आला होता. हिस्सा मागणारी बाई काढून टाकून तिच्या जागी मी हावरट बाई बसवली, ती इतक्या सफाईनं की सांधा कुणाला दिसू नये. कारागिरी म्हणतात ती हीच असेल तर मला ती येत होती.

बेळगावात तेव्हा मुंबईचे मराठी कार्यक्रम दिसत नसत. निपाणीत मात्र उंच बांबूला अँटेना बांधून तो कोल्हापूरच्या दिशेनं फिरवला की चित्र लागायचं, मुंग्या-मुंग्यांचं का होईना. वस्तीतल्या समाजमंदिरात एक टीव्ही होता. माझी ओळ ज्या भागात येणार होती त्या दिवशी मी दुपारच्या बसनं निपाणीला गेले. आईनं सगळ्या रांगेला सांगून ठेवलं होतं. काय लिहिलंय ते तिला ठाऊक नव्हतं, लेकीनं लिहिलंय एवढं पुरेसं होतं. संध्याकाळी बायका हातपाय धुऊन, धुतली लुगडी नेसून आल्या. मंदिरात एकच खुर्ची होती, तिच्यावर आईला बसवलं. ती संकोचून अर्ध्याच खुर्चीवर टेकली. एक जण छपरावर चढून अँटेना धरून बसला.

पडद्यावर मालकीणबाई म्हणाली, "अगं, तू मला मुलीसारखी आहेस."

समाजमंदिरात एकदम हालचाल झाली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पदर तोंडाला गेले, खांदे हलायला लागले, अजून काही झालंच नव्हतं तरी. शेजारची आक्का आईच्या गुडघ्यावर हात मारून म्हणाली, "बघ गं, बघ! आता हिस्सा मागती बघ!"

पडद्यावरची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग लेकीला साडी न्हाय व्हय नेसवायची, बाईसाहेब? ती निळी लई दिस झालं बघून ठेवलीया!"

टीव्हीत हशा झाला. पुष्कळ माणसं हसत होती, टाळ्याही होत्या. समाजमंदिरात कुणी हसलं नाही. आक्काचा हात आईच्या गुडघ्यावर होता तो तिनं हळूच काढून घेतला. मग मागून कुणीतरी, माझ्याकडं बघून, मला बरं वाटावं म्हणून, "ब्येस हाय की" म्हणाली. शेवटी नावं आली ती इतक्या झरझर गेली की माझं होतं का नव्हतं तेही कळलं नाही. आई खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "चला, भाकरी थापायची हाय." वाटेत मी विषय काढला नाही, आणि पहाटेच्या बसनं बेळगावला निघून आले.

पुढच्या रविवारी आई माझ्या खोलीवर आली. सहसा ती येत नसे, यायचं झालं तर आधी कुणाकडून तरी निरोप धाडायची. हातात पिशवी होती. मी पाणी दिलं, चहा टाकला. तिनं पिशवीतून एक साडी काढून खुर्चीवर ठेवली. निळी. नवी नव्हती, पण चांगली, किनारीला जर असलेली. खोलीभर तंबाखूचा वास सुटला.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"मालकाच्या बायकोची. मालकानं दिली."

मग तिनं जे सांगितलं ते असं. मालकाच्या घरी सगळ्यांनी तो भाग बघितला होता. वस्तीतल्या पोरीनं लिहिलंय हे गावाला माहीत होतं. मालकाला त्यातलं 'मुलीसारखी' फार आवडलं, ते आपलंच वाक्य आहे असं त्यानं धरलं. दुसऱ्या दिवशी तो मुकादमाला घेऊन वखारीत आला. आईला रांगेतून उठवून उभं केलं, तोंडावरचा फडका सोडायला लावला, म्हणजे सगळ्यांना चेहरा दिसावा. आणि साडी तिच्या हातात ठेवत म्हणाला, "टीव्हीवर मागितलीस न्हवं? घे. बापाकडं लेकीनं मागितलं तर बाप न्हाय म्हणतो काय?" मुकादम हसला. मालकही हसला. आई फडका हातात धरून उभी राहिली, आणि मग खाली वाकून तिनं त्याच्या पाया पडल्यासारखं केलं, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

मालक खूश झाला होता. वखारीतलं वाक्य त्याच्या कानावर गेलं असतं तर त्यानं रांगच्या रांग हाकलली असती. माझं वाक्य ऐकून त्यानं कपाटातली साडी काढून दिली. त्या लेखनाची याहून वेगळी परीक्षा करायचं मला कारण दिसत नाही.

"बायका काय म्हणाल्या?" मी विचारलं.

आई चहाच्या कपाकडं बघत होती. "काय म्हणत न्हाईत. फडका आता बोलत न्हाय. दुपारची भाकरी झाली, मी फडका बांधून बसले की समद्या चाळण्या हलवाय लागत्यात." कप जरा बाजूला सारून ती म्हणाली, "जोरात हलवत्यात गं."

मुकादम आत आल्यावर व्हायचा तो खडखडाट. आता तो माझ्या आईसाठी होत होता. तीस वर्षं ज्या रांगेत ती बसली, जिथं तिचं बोलणं ऐकायला माणसं थांबायची, त्या रांगेनं तिला मुकादमाच्या बाजूला टाकलं होतं. तिचा अपराध एवढाच की तिची लेक लिहायला शिकली.

मी काहीतरी बोलायला गेले. मुंबईचा फोन, जेवणाची ताटं, असलं काहीतरी. ती ऐकत नव्हती. टेबलावर मुंबईहून आलेलं नवं पान पडलेलं होतं, त्याच्याकडं ती बघत होती. प्रौढांच्या वर्गात ती अक्षर ओळखायला शिकली होती, एकेक अक्षर जोडून वाचायची. तिनं ठळक शब्दावर बोट ठेवलं.

"ह... शा. हशा म्हंजे?"

"तिथं लोक हसतात."

"वर तर काय लिवलेलं न्हाय."

"ते मी लिहायचंय अजून."

"आणि हसायचं आधीच ठरलंय?"

तिनं बोट उचललं, साडीची घडी नीट केली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी हिस्सा म्हटलंतं. तू ते का गं काढलंस?"

"आई, लोकांना हसू यायला पायजे न्हवं?"

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोसला असता. ती खरंच विचारत होती.

"मग आमी हसत न्हवतो व्हय गं?"

चहा तिनं अर्धाच घेतला. साडी परत पिशवीत घालून मी तिच्या हातात द्यायला गेले, तर तिनं हात मागं घेतला. "मी न्हाय मागितली. तू मागितलीस. तुझी तू ठेव." चारच्या बसला मी तिला बसवून दिलं. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून तिला बरं वाटलं.

पुढं ती सात वर्षं वखारीत जात राहिली. त्या सात वर्षांत फडका एकदाही बोलला नाही, हे मला आक्कानं सांगितलं, आईच्या मातीला आली होती तेव्हा.

त्या रविवारी बसस्टँडवरून परत आल्यावर मी दिवा लावला. खुर्चीवर साडीची पिशवी होती म्हणून पलंगावर बसले, पान मांडीवर घेतलं आणि रिकाम्या दोन ओळी भरल्या. चांगल्या भरल्या. सकाळी कचेरीत जाताना पाकीट टपालपेटीत टाकलं.